न केलेल्या भाषणाचा हार

उमरेडच्या मुलींच्या शाळेत मी शिवणकाम शिकवते. त्या दिवशी सातवीच्या मुलींना काजं करून दाखवत होते, तेवढ्यात शिपाई सांगायला आला की मोठ्या बाईंच्या ऑफिसात माझ्यासाठी नागपूरहून फोन आहे. पलीकडे प्रभाकर होता, माझा भाचा. "आत्या, बाबा गेले," तो म्हणाला. "सकाळी चहा पेले, पेपर वाचला, आंघोळीले जातो म्हनले अन् दारातच बसले..." मी रिसीव्हर धरून उभी राहिले. मोठ्या बाईंनी पाण्याचा ग्लास पुढे केला, तो घेतला, प्यायले. सख्खा मोठा भाऊ गेल्याचं कळल्यावर माणसाच्या मनात पहिल्यांदा काय यावं? माझ्या मनात आलं, सुटला. आणि मग त्या विचाराचीच इतकी लाज वाटली की नागपूरच्या बसमध्ये शेजारच्या बाईने कुणाकडे निघालात म्हणून विचारलं, तर तिला मी लग्नाला निघाले म्हणून सांगितलं.

दादाला जाऊन आता दीडेक महिना झाला. शोकसभा मोठी झाली. गांधीबागेतल्या दुकानदारांनी दुपारपासून दुकानं बंद ठेवली होती. वर्तमानपत्रांत फोटो आले, 'माजी खासदार केशवराव' अशा मथळ्याखाली. बोलणाऱ्यांपैकी एकाने सांगितलं की विणकरांसाठी केशवरावांनी दिल्ली गाजवली. दुसऱ्याने सांगितलं की लोकसभेतलं त्यांचं ते भाषण आजही लोकांच्या कानात घुमतं आहे. मी बायकांच्या बाजूला, वहिनीजवळ बसले होते. ती पदर तोंडाला लावून रडत होती आणि मी चटईच्या काड्या उपटत होते. कारण ते भाषण झालंच नव्हतं. दादा त्या दिवशी बोलायला उठलाच नाही, हे मी वरच्या गॅलरीत बसून डोळ्यांनी पाहिलं आहे. आणि पुढे त्याने स्वतः, भरसभेत, याच गावाला ते सांगितलं होतं. गाव ते विसरून गेलं. माणूस गेल्यावर गावाने त्याला जो हार घातला, तो त्याने जिवंतपणी स्वतःच्या हाताने काढून ठेवला होता. म्हणून हे लिहिते आहे. दादा असता तर त्याने मला हेच करायला सांगितलं असतं, असं मला वाटतं.

आम्ही तांडापेठेतले. वडील नऊवारी लुगडी विणायचे. घराच्या पुढच्या खोलीत जमिनीत खड्डा, खड्ड्यात पाय सोडून बसायचं आणि समोर माग. शेजारच्या घरात लक्ष्मणभाऊंचा माग. दादा आणि लक्ष्मणभाऊ एका वयाचे, एकाच वेळी मागावर बसले. पण लक्ष्मणभाऊंच्या हाताला ते काम आलं आणि दादाच्या हाताला आलं नाही. त्याचा धागा सारखा तुटायचा, काठ ओढला जायचा. वडील चिडून म्हणायचे, तू सूत वाया घालवून राहिला. मग एके दिवशी त्याने वडिलांची दोन आणि लक्ष्मणभाऊंची चार लुगडी गाठोड्यात बांधली, सायकलच्या मागे लावली आणि कामठीच्या बाजाराला गेला. संध्याकाळी रिकामं फडकं घेऊन परत आला. त्याला विकता येत होतं. लुगडं तो घडीत दाखवायचाच नाही. उलगडून स्वतःच्याच खांद्यावर पदर टाकायचा, दोन पावलं चालून दाखवायचा, बायका तोंडावर हात ठेवून हसायच्या आणि हसता हसता लुगडं घ्यायच्या. कामठी, कन्हान, पारशिवनी, असे आठवड्याचे बाजार त्याने सायकलवर पालथे घातले. लक्ष्मणभाऊ काठाला करवतीच्या दातांसारखी जी नक्षी काढायचे, ती इतकी नेमकी असायची की बायका ती बोटाने चाचपून बघायच्या. गांधीबागेत दादाने दुकान टाकलं तेव्हा पहिल्या दिवशी मांडलेली बहुतेक लुगडी त्यांचीच होती. हळूहळू लोक 'केशवच्या दुकानातलं लुगडं' म्हणायला लागले. विणणाऱ्याचं नाव कुणाला माहीत नव्हतं. लक्ष्मणभाऊंना त्याचं काही वाटत नसे. "तो बोलते, मी विनतो," ते म्हणायचे, "दोघायचंबी चालून राहिलं."

माझे यजमान लग्नानंतर थोड्याच वर्षांत वारले, तेव्हा दादाने मला उमरेडहून माहेरी आणलं. दुकान तोवर दुमजली झालं होतं. प्रभाकर मोठा होऊन गल्ल्यावर बसायला लागला होता. सुताचे भाव चढायचे, यंत्रमागाचं स्वस्त कापड बाजारात यायचं आणि विणकर दुकानाच्या पायरीवर येऊन बसायचे. दादा त्यांना घेऊन कधी कलेक्टरकडे जायचा, कधी कुणा मंत्र्याच्या गाडीपुढे उभा राहायचा. सदुसष्टच्या निवडणुकीआधी एका पक्षाची माणसं घरी आली आणि तिकीट देतो म्हणाली. दादा चौथी शिकलेला. तो हसला, पण रात्रभर झोपला नाही, हे वहिनीने मला दुसऱ्या दिवशी सांगितलं. प्रचारात लक्ष्मणभाऊ मोहल्ल्यामोहल्ल्यांत फिरले. ज्या माणसाने आयुष्यात चार माणसांपुढे तोंड उघडलं नव्हतं, तो दारोदार जाऊन सांगत होता की केशव आपला आहे, त्याने आपल्यासारखेच खड्ड्यात पाय सोडले आहेत. मतदानाच्या दिवशी तांडापेठेतले माग बंद होते. दादा निवडून आला.

वहिनीने घर सोडून दिल्लीला जायचं नाही म्हटलं, म्हणून त्याचं घर सांभाळायला मी गेले. खासदारांना मिळतात तशी दोन खोल्यांची जागा होती. पहिल्या थंडीत आम्ही दोघंही आजारी पडलो. दादाची हिंदी नागपुरी बाजारातली, तिला तिथले लोक हसत. पण त्याने ते मनाला लावून घेतलं नाही. संध्याकाळी मी भाकरी टाकत असायची आणि तो बाहेरच्या खोलीत चालता चालता मोठ्याने बोलायचा. हातमागाच्या लुगड्यांचा विषय सभागृहात यायचा होता, आणि पक्षाने बोलणाऱ्यांत त्याचं नाव दिलं होतं. काठापदराची लुगडी फक्त हातमागावरच विणली जावीत, यंत्रमागावर नकोत, असं त्याला मागायचं होतं. मी मॅट्रिक झालेली, म्हणून मुद्दे मी लिहून द्यायची. पण तो कागद बाजूला ठेवायचा आणि आपल्या बापाचं, मागाच्या खड्ड्याचं, ओलीमुळे सांधे धरलेल्या पायांचं सांगायला लागायचा. एकदा भाकरी तव्यावर करपली तरी मला कळलं नाही, इतकं ते चांगलं होतं... आजही मला ते भाषण येतं. पण ते ऐकलं फक्त मी.

त्याच सुमारास तो दोन दिवसांसाठी नागपूरला जाऊन आला. परत आला तो गप्पच. मी विचारलं तर म्हणाला, थकलो. नंतर कळलं ते असं, की प्रभाकरने कामठी रोडला एक शेड भाड्याने घेऊन त्यात यंत्रमाग बसवले होते. त्यांवर लक्ष्मणभाऊंच्याच नक्षीची लुगडी निघत होती आणि आमच्याच दुकानात हातमागाची म्हणून विकली जात होती. बापाला न सांगता त्याने हे केलं होतं. दादा शेडमध्ये उभा राहिला, मशीनचा आवाज ऐकला, एक लुगडं हातात घेऊन काठ बघितला आणि परतला. बंद कर म्हणाला नाही. त्या वर्षी दुकान अडचणीत होतं, निवडणुकीने ते आणखी पोखरलं होतं, आणि प्रभाकरने ते सावरलं होतं, हेही खरं होतं.

त्या दिवशी मला गॅलरीचा पास मिळाला होता. वरून दादा एवढासा दिसत होता. पांढरी टोपी, आणि वहिनीने हट्टाने पाठवलेली शाल. त्याचा नंबर यायच्या आधी शेजारचे एक वयस्क सदस्य त्याच्याकडे वाकून काहीतरी हसत बोलले. ते काय बोलले ते त्याने नंतर मला सांगितलं. "आपका भी तो अब कारख़ाना है न, केशवरावजी?" इतकंच. त्यांचा काही वाईट हेतू नव्हता, असं दादाच म्हणायचा. नागपूरहून आलेल्या कुणीतरी त्यांना सहज सांगितलं असणार. मग अध्यक्षांनी दादाचं नाव घेतलं. तो उठला नाही. पुन्हा नाव घेतलं. दादा समोरच्या बाकाकडे बघत बसून राहिला, जणू ते नाव दुसऱ्या कुणाचं आहे. मी वरून हाक मारू शकत नव्हते... अध्यक्षांनी पुढचं नाव घेतलं, कुणीतरी दुसरं उठलं आणि बोलायला लागलं.

घरी आल्यावर मी पान वाढलं. तो जेवला. मी विचारलं, "दादा, काहून उठला नाही?" त्याने भात कालवला. मग म्हणाला, "उठलो असतो शांते, तं माह्याच दुकानातलं लुगडं माह्या डोयापुढं आलं असतं. कोन्या तोंडानं बोलू?"

मला एवढंच सांगावंसं वाटतं की तो बोलला असता तरी माग वाचलेच असते, असं नाही. दिल्लीत एका माणसाच्या बोलण्याने काय होतं आणि काय होत नाही, हे तोवर मला कळलं होतं. पुढे बरेच जण मला हेच समजावायचे, दादालाही समजावायचे. तो ऐकून घ्यायचा. पण त्याच्या मनाला जे लागलं होतं ते न बोलल्याचं नव्हतंच. ते नंतरचं होतं.

अधिवेशन संपलं आणि आम्ही नागपूरला आलो. गाडी फलाटावर शिरताना मला ढोलताशे ऐकू आले. वाटलं, कुणी नवरदेव असेल. दारात उभ्या असलेल्या दादाने मागे वळून माझ्याकडे बघितलं, त्याचा चेहरा उतरला होता. फलाटभर तांडापेठ होती. झालं होतं असं की, दादा या विषयावर बोलणार असल्याची बातमी इथल्या एका वर्तमानपत्राने आधीच छापली होती, आणि दुसऱ्या दिवशी तो बोलला असंही छापून टाकलं होतं. लोकांनी ते वाचून दाखवलं होतं, कात्रणं भिंतींना चिकटवली होती. दादाला त्यांनी जवळजवळ उचलूनच खाली घेतलं. लक्ष्मणभाऊ गर्दीतून वाट काढत पुढे आले. त्यांच्या हातात सुताचा हार होता, पांढऱ्या लडींना मध्ये लाल रेशमाची गाठ मारलेला. दादा त्यांच्याहून उंच, त्याला वाकावं लागलं. हार घालून लक्ष्मणभाऊ म्हणाले, "लय बोल्ला म्हनते गा तू केशव, आमच्यासाठी." त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मी दादाच्या मागेच उभी होते. मला वाटलं, आता सांगेल. दादाने मान हलवली. हो अशी. आणि लोकांनी त्याला खांद्यावर घेतलं.

त्या एका मान हलवण्याने माझा भाऊ संपला, असं मला अनेकदा वाटलं आहे. त्यानंतर त्याने प्रभाकरशी भांडण केलं, शेड बंद कर म्हणाला. प्रभाकर शांतपणे म्हणाला की मी बंद केली तर शेजारचा सुरू करेल, आणि आपली माणसं उपाशी राहतील ती राहतीलच. तेही खोटं नव्हतं. दादाने दुकानात पाऊल टाकणं सोडलं. लक्ष्मणभाऊंच्या घरावरून जायचं टाळण्यासाठी तो गल्लीला वळसा घालून जायचा. लक्ष्मणभाऊंना वाटायचं, मोठा माणूस झाला, कामं असतात. तिकडे त्यांची लुगडी उचलणारं गिऱ्हाईक कमी होत चाललं होतं.

पुढची निवडणूक ठरलेल्या मुदतीच्या आधीच आली. पक्षाने दादालाच तिकीट दिलं. तांडापेठेतल्या चौकात पहिली सभा होती. ओळख करून देणाऱ्याने त्या भाषणाचा उल्लेख केला, टाळ्या पडल्या, आणि दादा माईकसमोर आला. पहिलंच वाक्य म्हणाला, "मी दिल्लीले तुमच्यासाठी बोल्लो नाही." लोक हसले, त्यांना ती विनम्रता वाटली. मग त्याने सगळं सांगितलं. शेडचं, लुगड्यांचं, नाव पुकारलं गेल्याचं आणि बसून राहिल्याचं. आवाज चढवला नाही, रडला नाही, क्षमा मागितली नाही. मंचावरचे पक्षाचे लोक त्याचा कुडता ओढत होते. खाली इतकी शांतता होती की चौकातल्या हॉटेलातला स्टोव्ह ऐकू येत होता. पुढच्याच रांगेत बसलेले लक्ष्मणभाऊ उठले. त्यांनी सभेत कधी प्रश्न विचारला नव्हता. म्हणाले, "नाही बोल्ला तं नाही बोल्ला गा. पन टेसनावर मान काहून हालवली?"

दादा माईकसमोर उभाच राहिला. लक्ष्मणभाऊंनी थोडा वेळ वाट बघितली, मग चपला शोधल्या आणि घरी गेले. त्यांच्यामागून एकेक करून बाकीचे उठले.

दादा पडला. पडणार हे ठाऊकच होतं. त्याचं दुःख त्याने केलं नाही. मन मोकळं केल्यावर ओझं उतरतं असं म्हणतात, ते दादाच्या बाबतीत घडलं नाही. उलट आता ते ओझं लक्ष्मणभाऊंच्या घरातही जाऊन बसलं. त्या वर्षीच त्यांनी मागाचा खड्डा मातीने भरून घेतला, वर सारवलं आणि माग मोडून विकला. मोठा मुलगा कन्हानच्या खाणीत लागला होता, त्याच्याकडे सगळं बिऱ्हाड गेलं. मीही उमरेडला सासरच्या घरी परतले आणि शाळेत लागले.

दादा दर रविवारी बसने कन्हानला जायला लागला. सुट्टीत मी नागपूरला असले की सोबत जायची. खाणकामगारांच्या चाळीतली खोली, सोनावहिनी, म्हणजे लक्ष्मणभाऊंची बायको, दारात चटई टाकायची, चहा करायची. दादाला पाहिलं की लक्ष्मणभाऊ काहीतरी निमित्त काढून नदीकडे निघून जायचे. दादा चहा घेऊन, मुलांच्या हातावर संत्री ठेवून, तासभर बसून परत यायचा. पुन्हा पुढच्या रविवारी तेच. त्याला वाटायचं, एक दिवस ते थांबतील. कितीतरी महिन्यांनी एका रविवारी ते खरंच थांबले. खाली बसले. मला वाटलं, मिटलं. लक्ष्मणभाऊ म्हणाले, "केशव, तू येत नको जाऊ."

दादा म्हणाला, "मी काही मागाले येत नाही गा. नुसता बसतो."

"तेच तं," लक्ष्मणभाऊ म्हणाले. "तू असा येऊन बसते, खाली मान घालून, अन् मले वाटते म्याच तुह्यं काही वाईट केलं. माह्या घरात माह्याच बायकोसमोर मले चोरासारखं होते. आता या वयात मी ते काहून झेलू?"

सोनावहिनीने काहीतरी म्हणायला तोंड उघडलं, पण लक्ष्मणभाऊंनी हात वर केला. दादा उठला, आणलेली संत्री तिथेच ठेवून बाहेर पडला. परतीच्या बसमध्ये तो माझ्या शेजारी बसला होता. कामठी आली तेव्हा एवढंच म्हणाला, "त्याचं बरोबर हाये शांते." त्यानंतर तो कन्हानला गेला नाही. इतक्या वर्षांत एकदाही नाही. ज्याच्याजवळ फेडायचं त्यानेच दार लावून घेतलं, आणि तेही रागाने नाही. त्यानंतर माणसाने काय करावं?

तेराव्याला लक्ष्मणभाऊ आले. सोबत सोनावहिनी. लक्ष्मणभाऊंची पाठ वाकली आहे, खोकला आहे. जेवले नाहीत, पाणी घेतलं. प्रभाकर पाया पडला तर त्याच्या डोक्यावर हात ठेवला. मग मला म्हणाले, "त्याची खोली दाखव." मी आत नेलं. पलंग, रेडिओ, खुंटीवर टोपी. ते पलंगावर न बसता खाली भिंतीला टेकून बसले आणि विचारलं, "माह्याबद्दल काही बोलत होता का वं?"

मी खरं तेच सांगितलं. बोलत नव्हता. पण रविवारी सकाळी तो धुतलेला कुडता घालायचा, टोपी घालायचा, ओसरीवरच्या लाकडी खुर्चीत जाऊन बसायचा. कुठे निघालात म्हणून आधी आधी सून विचारायची, मग विचारेनाशी झाली. कन्हानच्या बसची वेळ टळून गेली की तो आत यायचा, टोपी खुंटीला लावायचा आणि कुडता घडी करून ठेवायचा. मी सुट्टीत यायची तेव्हा बघायची.

लक्ष्मणभाऊ ऐकत होते. खोकल्याची उबळ आली, ती ओसरेपर्यंत थांबले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "मीबी मंग रविवारी नदीवर जात नव्हतो. घरीच राहत होतो. नागपूरची बस येऊन गेल्यावर जात होतो."

सोनावहिनी दारात उभी होती. तिने पदर डोळ्यांना लावला. मी त्यांना बसस्टँडपर्यंत पोचवायला गेले.

गेल्या रविवारी मी नागपूरला होते. सकाळी प्रभाकरच्या बायकोने ओसरी झाडली, ती लाकडी खुर्ची ओल्या फडक्याने पुसली आणि रस्त्याकडे तोंड करून ठेवली. मग तिच्या लक्षात आलं. ती माझ्याकडे बघत राहिली. मी म्हटलं, राहू दे. बसची वेळ होऊन जाईपर्यंत राहू दे.